नेहमीची रुंजी

बिरनाळ्यांच्या दुकानात काउंटरवर दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, आणि मिहिरचा जीव काळ्या पेटीवर बसलाय हे शलाकाला त्याच्या बोटांवरूनच कळलं. घ्यायची वस्तू आवडली की तो ती टकटक वाजवून बघायचा. कलिंगड असो की ड्राइव्ह.

"दणकट आहे," तो म्हणाला. "आत दोन चकत्या. जे एकीवर तेच दुसरीवर. एक गेली तरी आपलं काही जात नाही. बास की, अजून काय पाहिजे?"

"हिच्यात किती दिवसांचं चित्रीकरण राहील?" शलाकानं बिरनाळ्यांना विचारलं. तिच्या छातीशी बांधलेल्या झोळीत तीन महिन्यांची रुंजी झोपली होती.

बिरनाळ्यांनी चष्मा वर सरकवला. "बघा वहिनी, साहेबांचं ड्रोनचं काम. त्यात तुम्ही पाळण्यावरचा कॅमेरा चोवीस तास चालू ठेवणार म्हणताय. सहा महिने राहील. मग मागचं पुसत जायचं."

"पुसायचं?"

तिनं तो शब्द असा उच्चारला की मिहिरनं कपाळाला हात लावला. रुंजी तीन आठवडे आधी जन्मली होती, दोन दिवस काचेच्या पेटीत होती. त्या दोन दिवसांत शलाकाला एक भीती चिकटली ती सुटलीच नाही. आपली नजर हलेल आणि नेमकं तेव्हाच काहीतरी होईल, ही भीती. दूध गरम करायला गेली तरी ती पाळण्याकडे तोंड करून उभी राहायची.

"मग ही बघा," म्हणून बिरनाळ्यांनी दुसरी पेटी पुढे सरकवली. पांढरी, तळहातावर मावणारी. वर नाव होतं, आठव. "हिच्यात तीस वर्षं."

"एवढीशी?" मिहिर हसला. "काय राव, फसवताय काय?"

"गोदाम नाही ही, साहेब. शिकते. तुमच्या हॉलची भिंत हजार वेळा बघितली की भिंत तिला पाठ झाली. रोज परत परत ठेवायची कशाला? आजच्या चित्रात नेहमीपेक्षा वेगळं काय, तेवढंच टिपून ठेवते. तुम्ही बघायला मागितलं की पाठ असलेलं आणि टिपलेलं जोडून चित्र नव्यानं उभं करते."

"म्हणजे चित्र काढून दाखवते," मिहिर म्हणाला. "ठेवत नाही."

"आपलं डोकं तरी दुसरं काय करतं?"

शलाकानं संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. बिरनाळे काय सांगताहेत ते तिला मिहिरपेक्षा चांगलं कळलं, आणि कळलं म्हणूनच ते आवडलं. नेहमीचं एकदाच ठेवायचं, वेगळं तेवढं जपायचं. किती सरळ, किती स्वच्छ कल्पना. रुंजीची पहिली तीस वर्षं एका तळहातावर.

"हीच," ती म्हणाली. "काही सुटणार नाही, मिहिर."

मिहिरनं काळ्या पेटीवर शेवटची टकटक केली आणि मान डोलावली.

सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या बैठ्या घराची पुढची खोली ऑफिस होती, मागचं सगळं घर. मिहिर पूल, शाळांच्या इमारती, पाण्याच्या टाक्या तपासायचा. ड्रोन उडवून भेगांचे फोटो घ्यायचे, मागच्या फोटोंशी ताडायचे, बांधकाम अजून किती दिवस सुरक्षित उभं राहील ते लिहून द्यायचं. फोटो ताडायचं काम शलाकाचं. फोनमध्ये हल्ली काही राहतच नसे. कुणीही काहीही टिपलं की ते क्षणात घरच्या ड्राइव्हवर जाई, फोन म्हणजे नुसती खिडकी.

त्याच संध्याकाळी पेटी जोडली. तिनं पडद्यावर एकच प्रश्न विचारला. वापर कशासाठी: घर, ऑफिस की दोन्ही? दोन्ही म्हटलं तर दोन वेगळे कप्पे होणार आणि जागा निम्मी होणार. ऑफिस म्हटलं तर वाऱ्यात ड्रोन हलल्यामुळे चित्रात येणारी बारीक थरथर पेटी आपणहून काढून टाकणार.

"ऑफिसच टाक," खांद्यावर रुंजीला थोपटत शलाका म्हणाली. "जागा जास्त मिळेल."

मिहिरनं ऑफिसवर बोट ठेवलं.

*

रुंजी साडेसहा महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. दुपारची झोप संपवून ती नुकती जागी झाली होती आणि शलाका पाळण्याशेजारी लंगोटांच्या घड्या घालत होती.

रुंजीचे दोन्ही हात एकदम वर गेले. मान छातीकडे झुकली, पाय पोटाशी आले, डोळे वर फिरले. एक सेकंद, तेवढाही नसेल. मग सगळं सैल.

दचकली असेल, असं शलाकाला वाटलं. तेवढ्यात परत. तसंच. परत. जणू कुणी आतून दोरी ओढून सोडत होतं. ओळीनं आठ वेळा. शेवटच्या वेळी रुंजी रडली, आणि ते रडणं भुकेचं नव्हतं, पडल्याचंही नव्हतं.

शलाकाच्या हातातला लंगोट खाली पडला. तिनं रुंजीला उचललं, अंग चाचपलं, कपाळ बघितलं. ताप नव्हता. मग तिनं सुटकेचा श्वास टाकला. कॅमेरा आहे ना. सगळं टिपलंय. मिहिरला दाखवू, डॉक्टरांना दाखवू.

तिनं फोनवर ती पाच मिनिटं उघडली.

पाळणा. वर हलणारा कापडी पोपट. रुंजी जागी होते, मूठ तोंडात घालते, पोपटाकडे बघते, हसते. शेजारी शलाका घड्या घालतेय. मग पडद्यावरची शलाका एकदम थांबते, लंगोट टाकते, झेप घेऊन मुलीला उचलते, घाबरी होऊन तिचं अंग चाचपते.

आणि तिच्या हातातली रुंजी शांत. हसरी.

शलाकानं ते पाच वेळा पाहिलं. पाचव्या वेळी तिला पडद्यातल्या बाईची कीव आली.

*

"शलू, मी बघितलं," रात्रीचं जेवण वाढून घेताना मिहिर म्हणाला. त्याच्या आवाजात ती जपून बोलण्याची चाल होती, जी तिला टोमण्यापेक्षा जास्त बोचायची. "मंगळवारचं पण बघितलं, काल तू सांगितलंस तेही. काही नाही त्यात."

"कालचे अकरा होते."

"कॅलेंडरवर लिहिलंयस ते. दिसलं मला."

"मग?"

"मग काय? शलू, तू चार महिने सलग तीन तास झोपलेली नाहीस. माणसाला दिसतं मग."

"मला भास होतात म्हणतोस?"

"मी असं म्हटलं का?"

"दुसरं काय म्हटलंस?"

मिहिरनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तूच म्हणाली होतीस ना, हिच्यात काही सुटणार नाही म्हणून? तुझ्याच शब्दावर घेतली मी ती. आता ती म्हणते काही झालं नाही, तर मी कुणाचं ऐकू?"

शलाका उठून पाळण्याशी जाऊन बसली.

तरी मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला तो तयार झाला. पण तिथंही आता पद्धत ठरलेली होती. लहान मुलांच्या मेंदूच्या विकारांसाठी आधी घरचा व्हिडिओ पाठवायचा. हॉस्पिटलची यंत्रणा तो तपासायची आणि मगच मेंदूच्या आलेखाची तारीख मिळायची. शलाकानं नऊ व्हिडिओ पाठवले. दोन तासांत उत्तर आलं: हालचाली वयानुसार. पुढची भेट सदतीस दिवसांनी.

तिनं इतका आग्रह धरला की डॉक्टर अक्षता मगदूम व्हिडिओ कॉलवर चार मिनिटं आल्या. पन्नाशीच्या, शांत, थकलेल्या बाई. नेमकी तेव्हा रुंजी जागी होऊन तास झाला होता आणि चमचा चोखत बसली होती.

"छान आहे की बाळ," डॉक्टर म्हणाल्या. "या वयात दचकतात मुलं. तुमचे व्हिडिओ मी स्वतः बघितलेत. तुम्हाला घरात मदत आहे का कुणाची? झोप होते?"

"डॉक्टर, ती हसायची थांबलीय."

डॉक्टरांनी खाली कुठंतरी पाहिलं, बहुधा दुसऱ्या पडद्याकडे. "कालच्या व्हिडिओत हसतेय ती."

कॉल संपल्यावर शलाकानं कालचा व्हिडिओ लावला. खरंच हसत होती. पण काल रुंजी हसली नव्हती. एकदाही नाही. शलाकानं तिच्यापुढे ताट वाजवलं होतं, डोक्यावर पदर घेऊन भोऽक केलं होतं, पोटावर तोंड ठेवून फुर्र केलं होतं. रुंजी तिच्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघत राहिली होती. कुकरची शिट्टी झाली की गर्रकन वळणारी मान चार दिवसांत वळली नव्हती.

म्हणजे आता दोन मुली होत्या. पाळण्यातली, जी दिवसेंदिवस लांब चालली होती. आणि पेटीतली, जी सहाव्या महिन्यात होती तशीच राहिली होती, पोपटाला हसणारी. मिहिर सकाळी सातला बाहेर पडायचा, साइटवर डबा खाताना फोनवर मुलीला बघायचा. त्याला भेटायची ती पेटीतली. डॉक्टरांनाही तीच.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे शलाकालाही ती बघत बसावंसं वाटायला लागलं होतं. त्या शुक्रवारी दुपारी तिनं स्वतःला पकडलं. पाळण्याकडे पाठ करून ती फोनवरच्या मुलीकडे बघून हसत होती, आणि पाठीमागं खरी रुंजी जागी झाली होती.

ती वळली. हात वर गेलेले होते.

तिनं फोन गादीखाली सारला. पण मनात जे आलं होतं ते गेलं नाही. सगळे एक म्हणतात आणि मी एकटी दुसरं म्हणते, तर चुकणारी कोण असेल? संख्याशास्त्र शिकलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर सांगावं लागत नाही.

*

अकराव्या दिवशी सकाळी साडेअकराला शिकलगार चाचा ऑफिसात आले. बाबूलाल शिकलगार, साठी ओलांडलेले गवंडी. मिहिरच्या वडिलांच्या वेळेपासून कामाला. भेगेवर काचपट्टी चिकटवायचं काम त्यांचं. बोटभर रुंदीची पातळ काच भेगेच्या आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टरनं घट्ट बसवायची आणि मार्करनं तारीख घालायची. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकते. यंत्रं कितीही आली तरी मिहिरनं ही पद्धत सोडली नव्हती. फक्त काच बघायला शिडीऐवजी ड्रोन जायचा.

"साहेब, नदीपल्याडच्या टाकीची काच फुटलीया," चाचांनी दारातूनच सांगितलं.

"कुठली? पूर्वेची?" मिहिरनं मान वर केली नाही. "सकाळी नऊला फोटो घेतलाय मी. अखंड आहे. परवाच रिपोर्ट दिला, टाकी ठीक म्हणून."

"तुमचा फोटो काय म्हनतोय ते मला ठावं न्हाई. प्लास्टर निघालंय का बघाय म्हनून मी दहाला शिडीवर चढलो. ही बघा."

त्यांनी रुमाल उलगडून टेबलावर दोन तुकडे ठेवले. आतल्या दारात रुंजीला कडेवर घेऊन उभी असलेली शलाका पुढे आली. काचेवर चाचांच्याच वळणदार अक्षरात तारीख होती, अर्धी एका तुकड्यावर, अर्धी दुसऱ्यावर.

"काढताना फुटली असेल, चाचा."

"चाळीस वर्षं झाली काचा लावतोय," चाचा दुखावले. "वैनी, तुमीच बघा. तुटल्याली कड बघा."

शलाकानं तुकडा उजेडात धरला. तुटलेल्या कडेवर मातकट धूळ बसलेली होती, पावडरीसारखी. आजची तूट कोरी असती. ही निदान आठवडाभराची होती.

"मिहिर," ती म्हणाली, "सकाळचा फोटो लाव."

त्यानं लावला. मोठा केला. भेग, तिच्यावर आडवी काच, काचेवर तीच तारीख, तेच वळण. अखंड. उन्हात चमकणारी.

मिहिरनं तुकडे उचलून पडद्याला लावले. तारखेचा आकडा आकड्याशी जुळत होता. फक्त पडद्यावर मधली तूट नव्हती.

"जाऊन आलाय का ड्रोन खरंच?" चाचांनी विचारलं.

"गेला होता," शलाका म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "त्यानं फुटलेलीच काच टिपली असणार. पेटीनं ती ठेवली नाही."

"म्हणजे?"

"नेहमीपेक्षा वेगळं तेवढंच ठेवते ना ती? पण किती वेगळं असलं की वेगळं म्हणायचं, त्याला एक रेघ आखावी लागते. रेघेच्या वर ते घडलेलं, रेघेच्या खाली ती थरथर. आपण ऑफिस म्हणून सांगितलं तिला. ड्रोन हलतो, वारा असतो, बारीकसारीक सोडून दे म्हणून सांगितलं. काचेची तूट केसाएवढी. पेटीनं ही काच दोनशे वेळा अखंड पाहिलीय. तिच्या लेखी ही थरथर. तिनं थरथर पुसली आणि तिथं नेहमीची काच काढून ठेवली."

बोलता बोलता ती थांबली. मिहिर तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या कडेवरच्या रुंजीकडे बघत होता.

"एक सेकंद," तो हळूच म्हणाला. "तू म्हणाली होतीस ना? एक सेकंदाचं असतं."

"तेवढंही नाही."

"शलू..."

"आधी टाकीचा फोन कर."

त्यानं फोन लावला. ग्रामसेवकाला सांगताना त्याचा आवाज चढला. "मोटर बंद करा. आत्ता. चौकशी नंतर करा, मी लिहून देतो, माझी चूक म्हणून लिहून देतो. खाली शाळा भरते तुमची, आधी पोरं हलवा आणि टाकी रिकामी करा." चाचा म्हणाले, "मी जातो तिकडं, साहेब. मानसं उभी करतो. तुमी पोरीचं बघा."

"काळी पेटी आणतो," मिहिर उठला. "नवं चित्रीकरण करू, जसंच्या तसं, आणि पाठवू."

"कुणाला? आपली पेटी बदलशील, त्यांची कशी बदलशील?" शलाकाच्या डोक्यात आता सगळं लखलखीत दिसत होतं. "त्यांची यंत्रणाही आपल्या पेटीसारखीच, हजारो बाळं बघून शिकलेली. बाळं दचकतात, हे तिला नेहमीचं. आपण काहीही पाठवलं तरी डॉक्टरांच्या पडद्यावर नेहमीचं बाळच उभं राहणार."

"मग?"

"रुंजीलाच न्यायचं. ती झोपून उठली की येतात. रोज, न चुकता. तिला आता झोपू द्यायचं नाही. तिथं जाऊन झोपवायची आणि तिथंच उठवायची."

*

मिरजेपर्यंतचा रस्ता किती लांब आहे ते त्यांना त्या दिवशी कळलं. मागच्या सीटवर शलाका मुलीच्या तळपायाला गार पाणी लावत होती, टाळ्या वाजवत होती. डोळे मिटायला लागले की मिहिर हॉर्न वाजवायचा. रुंजी रडून रडून लाल झाली. "थोडंच बाळा, थोडंच," शलाका म्हणत राहिली.

"तुमची तारीख पुढच्या महिन्यातली आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आणि रिपोर्ट नॉर्मल आहे, मॅडम."

"आम्ही बसतो," मिहिर म्हणाला.

बाकावर बसल्याबरोबर रुंजी झोपली. मिहिरच्या मांडीवर, तोंड उघडं ठेवून. शलाका डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दोन वेळा सिस्टरनं तिला बाजूला केलं. तिसऱ्यांदा दार उघडून डॉक्टर मगदूमच बाहेर आल्या.

"तुम्ही?" त्यांनी ओळखलं. "मी सांगितलं होतं ना, व्हिडिओ बघितलेत मी."

"व्हिडिओ बघितलेत. रुंजीला नाही बघितलंत." शलाकाला वाटलं होतं आपण रडू, पण आवाज सपाट निघाला. "ती आत्ता झोपलीय. पाऊण तासात उठेल. उठल्यावर पाच मिनिटं द्या. दुसरं काही मागत नाही. काही झालं नाही तर मी परत येणार नाही, आणि तुम्ही सांगाल त्या मानसोपचारवाल्यांकडे जाईन."

मिहिरनं चमकून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी आधी तिच्याकडे, मग त्या झोपलेल्या मुलीकडे पाहिलं.

"उठायला लागली की सिस्टरला सांगा," त्या म्हणाल्या.

बावन्न मिनिटांनी रुंजीनं पापण्या हलवल्या. तिला आतल्या खोलीत तपासणीच्या गादीवर निजवलं. डॉक्टर हात पुसत आल्या आणि गादीच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. वर कोपऱ्यात कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला होता.

एक मिनिट गेलं. रुंजी छताच्या दिव्याकडे बघत होती.

दोन मिनिटं. तिनं मूठ तोंडात घातली. कुठल्याही बाळासारखी. डॉक्टरांनी घड्याळाकडे नजर टाकली, लपवत टाकली, पण टाकली.

तीन मिनिटं. आणि तेव्हा शलाकाला उमगलं की ती मनातल्या मनात विनवणी करतेय. ये. ये ना. अकरा दिवस जे येऊ नये म्हणून ती तळमळत होती ते आता, या क्षणी, तिच्या मुलीच्या अंगात यावं म्हणून ती दात आवळून उभी होती. आपण आई आहोत की कोण, असं तिला वाटलं. गादीच्या पलीकडून मिहिरची नजर तिच्यावर होती. तोही तेच मागत होता, हे तिला दिसलं, आणि दोघांनीही नजर खाली वळवली.

"बरं, आता—" डॉक्टर म्हणाल्या.

रुंजीचे हात वर गेले. मान झुकली. डोळे फिरले. सैल.

डॉक्टरांचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला. शलाकानं त्यांचं मनगट धरलं.

"नको. नुसतं बघा."

डॉक्टरांनी हात सोडवला नाही. दुसरा आला. तिसरा. त्या पुढे वाकल्या, इतक्या की त्यांची सावली रुंजीच्या तोंडावर पडली, मग बाजूला सरकून त्यांनी तिच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. चौथा. पाचवा. मिहिर तोंडावर हात दाबून भिंतीला टेकला होता. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं होतं. नवव्यानंतर रुंजी ते नेहमीचं नसलेलं रडणं रडली आणि शलाकानं तिला उचलून घेतलं.

डॉक्टर शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"किती दिवस?"

"आज अकरावा."

"अकरा." त्यांनी एकदा डोळे मिटून उघडले. मग भराभर बोलायला लागल्या. सिस्टरला हाक मारली, मेंदूचा आलेख आत्ताच्या आत्ता, रुग्णाला दाखल करा, इंजेक्शन आजपासून. "हे आकडीचे झटके आहेत. लहान बाळांतलेच, पण नेहमीचे नाहीत. उशीर झाला की मुलं शिकलेलं विसरत जातात. अकरा दिवस म्हणजे लवकर नाही, पण हाताबाहेरही नाही. मी खोटं आश्वासन देणार नाही. पण उपाय आहे, आणि तो चालतो, बऱ्याचदा."

"आणि हसणं?" शलाकानं विचारलं. "परत येतं?"

"झटके थांबले तर येतं."

आलेखाची माणसं येईपर्यंत डॉक्टरांनी भिंतीवरच्या पडद्यावर खोलीतलं आताचंच चित्रीकरण लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून लावलं. पडद्यावर एक डॉक्टर, एक बाई, भिंतीला टेकलेला एक पुरुष. तिघंही भेदरून एका बाळाकडे वाकून बघताहेत. बाळ स्वस्थ पडलंय आणि छताकडे बघून मूठ चोखतंय.

डॉक्टर ते शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग सिस्टरकडे न वळताच म्हणाल्या, "ही यंत्रणा आल्यापासून व्हिडिओवरून आपण घरी ठेवलेली सगळी मुलं. नावं काढा. फोन लावायला घ्या. आज."

"सगळी, मॅडम? चाळीसच्या वर असतील."

"सगळी."

*

संध्याकाळी वॉर्डातल्या खाटेवर रुंजी झोपली होती. इवल्याशा मांडीवर इंजेक्शनच्या जागी चिकटपट्टी होती. चाचांचा फोन येऊन गेला होता. टाकी रिकामी झाली, पूर्वेचा खांब आतून पोकळ निघाला, शाळा दुसरीकडे भरणार.

सिस्टरनं एक कागद आणि पेन आणून दिलं. "उठल्यावर किती येतात ते लिहून ठेवायचं. रोज. त्यावरच औषधाचं प्रमाण ठरणार. मॅडमनी सांगितलंय, कॅमेऱ्यावर विसंबायचं नाही, माणसानं बसायचं."

शलाकानं कागदासाठी हात पुढे केला, पण मिहिरनं तो आधी घेतला.

"तू झोप."

"उठली की पहिला अगदी बारीक असतो. कळत नाही पटकन. आधी बोटं पसरतात—"

"सांग. कशी पसरतात?"

तिनं करून दाखवलं. त्यानं तसंच करून बघितलं. तिनं त्याचं मनगट थोडं वर केलं.

"असं," ती म्हणाली. "फोन बघत बसू नकोस."

त्यानं खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला, स्टूल खाटेच्या कडेला ओढलं आणि दोन्ही कोपरं गादीवर टेकवून बसला. शलाका शेजारच्या बाकावर आडवी झाली. बाक अरुंद होता, उशी नव्हती.

थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडून पाहिलं. तो बघत होता. पापणीही न हलवता, पेन हातात धरून.

तिनं डोळा मिटला.